सहदेवचं पोट

भागीरथी ओटीवर चढली आणि उभीच राहिली. जनाबाईने चटई टाकली होती, पाण्याचा तांब्या ठेवला होता, पण तिने दोन्हींकडे पाहिलं नाही. तिच्या पाठीमागे रतन उभी होती. दिवाळीला माहेरी म्हणून मोहन्याला गेलेली सून शिमगा महिन्यावर आला तरी परतली नव्हती. आज आली होती ती आईच्या सावलीतून, परक्या घरी आल्यासारखी.

"बसायला नाय आली मी," भागीरथी म्हणाली. "रतनची पेटी न्यायला आली. पेटी द्या. बाकीचं काय ते पुढच्या रविवारी पाटलाच्या ओटीवर बोलू, चार माणसांत."

ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात पाटलाच्या ओटीवर बोलायचं म्हणजे सोडचिठ्ठीचं बोलायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जनाबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

नाथा कोपऱ्यात भिंतीला टेकून फाटलेलं जाळं सांधत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"न्या," तो म्हणाला.

"अवो, असं काय करता? पोर दारात आली, तिला आत तर येऊ द्या."

"आत येऊन काय करील? हिच्या बापाने धड मानूस बघून दिली होती पोर. आमचा मानूस धड नाय निघाला. न्या बोलतो तर नेऊ दे."

'आमचा माणूस' म्हणजे सहदेव. दीड वर्ष झालं, नाथाने धाकट्या मुलाचं नाव घेतलं नव्हतं. त्याच्याशी बोलायचं तर बायकोच्या नाहीतर मुलीच्या तोंडून. होडीला त्याचा हात लागू देत नव्हता. थोरला चंदू चार वर्षांपूर्वी दारू पिऊन धक्क्यावरून ओहोटीच्या चिखलात पडला आणि सकाळी तिवरांच्या झाडीत सापडला. त्याचं तेरावं झाल्यावर नाथाने सहदेवला कार्ल्याला नेलं, एकवीरा आईच्या पायरीवर त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दारूला शिवणार नाही अशी शपथ त्याच्याकडून घेतली. त्यानंतर अडीच वर्षांनी सहदेवचं पोट वाढायला लागलं. हातपाय काटकुळे आणि पोट घागरीसारखं. कोळीवाड्याने असली पोटं पुष्कळ पाहिली होती. ती कशाने येतात ते सांगायला कुणी लागत नव्हतं.

"पेटी कुणी उचलायची नाही," आतल्या दारातून कांता म्हणाली.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. कांता सहदेवहून मोठी, डोंबिवलीच्या एका कंपनीत टायपिस्ट. लग्नाचं तिने अजून मनावर घेतलं नव्हतं, म्हणून तिच्या बोलण्याला घरात किंमत होती आणि नव्हतीही.

शुक्रवारपासून तिने ही गोष्ट पोटात ठेवली होती. सहदेव म्हणाला होता, सांगू नकोस, आबा ऐकणार नाहीत, उगाच तुझी शोभा होईल. तिलाही तेच वाटत होतं. टायपिंग करताना दोन दिवसांत तिच्याकडून इतक्या चुका झाल्या होत्या की साहेबाने बरं नाही का म्हणून विचारलं. पण विहीणबाई आज येणार हे कळल्यावर तिने ठरवलं. सांगायचं तर दोन्ही घरांसमोर, एकदाच.

"आधी माझं ऐका. मग न्या काय न्यायचं ते."

"बोल बाय," भागीरथी म्हणाली. "कंपनीतली मानसं बोलतात तवा आमच्यासारख्या बाजारातल्या बायांनी ऐकायचंच असतं."

कांताने टोमणा गिळला. "सहदेवला दारूचा आजार नाही. त्याचा आजार हृदयाचा आहे. डोंबिवलीला एक डॉक्टरीण बसते, माझ्या बरोबरीची मुलगी तिच्याकडे जाते. डॉक्टरणीने याचं पोट नंतर पाहिलं, आधी मान पाहिली. मानेची शीर बघून म्हणाली, याला आजच्या आज मुंबईला ने. तिथल्या मोठ्या इस्पितळात दोन आठवडे आम्ही खेपा घालतोय. छातीवर एक यंत्र फिरवतात, पडद्यावर हृदय हलताना दिसतं. मी पाहिलंय."

"कंपनीच्या डाक्टरकडे नेते बोलून याला न्यायचीस ती?" जनाबाईने विचारलं.

"हो."

भागीरथी हसली. ते हसणं वाईट नव्हतं, पण कल्याणच्या बाजारात मासळी विकताना गिऱ्हाइकाने ताज्या कोळंबीला शिळी म्हटलं की ती हसायची, तसं होतं. "पोट फुगलंय नि रोग काळजाला? म्हंजे गळ टाकला ठान्याला नि मासा लागला कळव्याला!"

पायरीवर बसलेला नामा, नाथाचा धाकटा भाऊ, खो खो हसला आणि कुणीच हसत नाही हे बघून खोकला.

"मीही इस्पितळातल्या डॉक्टरांना हेच विचारलं," कांता म्हणाली. तिने पुढे येऊन आपली मूठ सगळ्यांसमोर धरली. "त्यांनी असं करून दाखवलं. हे हृदय. हे उघडतं तेव्हा रक्त आत येतं, मिटतं तेव्हा बाहेर जातं." तिने मूठ उघडली, मिटली. "सहदेवच्या हृदयाला आतून जाड, टणक थर बसलाय. त्यामुळे ते एवढंच उघडतं." बोटं अर्धवट उघडून तिथेच थांबली. "रक्ताला आत जागाच नाही. मग ते मागे तुंबतं. मानेत तुंबतं, लिव्हरमध्ये तुंबतं आणि त्याचं पाणी पोटात साठतं."

"पेज भांड्याला खाली लागते, तसा थर?" भागीरथीने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"तसंच समजा. डॉक्टर दक्षिणेत होते काही वर्षं, तिकडे समुद्रकाठच्या मुलखात त्यांनी असे पुष्कळ पेशंट पाहिले. आपल्याकडे क्वचित. गरम मुलखातला आजार आहे म्हणाले. कशाने होतो ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही. पण दारूने होत नाही. हे मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते चिडले."

नाथाची सुई थांबली नव्हती. "डाक्टर लोक काय, आज एक बोलतात, उद्या दुसरं," तो जाळ्याकडे बघत म्हणाला. "नौपाड्याचा डाक्टर पन डाक्टरच होता. त्याने हात लावला नि बोलला, लिवर वाढलंय."

"वाढलंयच आबा! ते तुंबल्यामुळे वाढलंय." कांताचा आवाज चढला. तो खाली आणत ती आत वळून म्हणाली, "सहदेव, बाहेर ये."

आत खाटेचा करकर आवाज झाला. मग भिंतीला हात लावत लावत सहदेव दारात आला.

रतनने त्याला दिवाळीनंतर आज पाहिलं. शर्टाची खालची बटणं लागत नव्हती. लुंगी पोटाच्या खाली बांधलेली आणि तिच्यातून निघालेले पाय कुणा दुसऱ्याचेच असावेत असे. खाटेपासून दारापर्यंत येऊन तो धापा टाकत होता. तिने पटकन खाली पाहिलं. पण मग कांता म्हणाली, "मानेकडे बघा याच्या," आणि तिला पुन्हा वर पाहावं लागलं.

कानाच्या खाली, मानेच्या बाजूला जाडजूड शीर फुगून उडत होती.

ती शीर रतनच्या ओळखीची होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने एकदा तिच्यावर बोट ठेवून विचारलं होतं, इथं काय उडतं हो? तो म्हणाला होता, तुझ्या नावाने उडते. तेव्हा ती लाजली होती. मग त्याला उताणं झोपता येईना, भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या झोपू लागला, तेव्हा सगळे म्हणाले दारू. आणि तिने कितीदा त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं होतं. कधी वास आला नव्हता. आईला तिने तसं सांगितलंही. आई म्हणाली, तुला काय कळतं गो, बडीशेप खातात, लवंग चघळतात. आईने सारा जन्म बाजारात काढलेला, आईला जास्त कळत असणार, असं तिला वाटलं. आज ते तिला तितकं खरं वाटेना.

"आये," ती हळूच म्हणाली, "ही शीर आधीपासून हाय. मी बघितलेली."

"तू गप. मी पन बघितलंय." भागीरथी सहदेवकडे वळली. तिचा सूर मघापेक्षा उतरला होता, पण ती मागे हटणारी बाई नव्हती. "जावयबापू, काळीज असेल, लिवर असेल, मना अडानी बाईला त्यातलं कळत नाय. मना एवढंच सांगा. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी तुम्ही विठ्ठलवाडीला काय करत होता? मी लोकलमधून उतरून भाचीकडे चाललेली. गुत्त्यातून बाहेर आलात तुम्ही, फडक्यात बाटली गुंडाळलेली. मना बघून तोंड फिरवलंत. ती बाटली काय डाक्टरने लिहून दिलेली?"

कांताने भावाकडे पाहिलं. हा प्रश्न तिनेही त्याला इस्पितळाच्या बाकावर विचारला होता. तो तेव्हा बोलला नव्हता. आताही तो दाराच्या चौकटीला धरून खाली बघत राहिला.

"बघ," नाथा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, तर थकवा होता. "विचार त्याला, कांते. देवीच्या पायरीवरून उठून आलेला मानूस गुत्त्यात काय करतो, विचार."

नामा पायरीवरून हे सगळं पाहत होता. सकाळची थोडी त्याच्या पोटात होती. ती असली की त्याला माणसं जरा सावकाश आणि स्पष्ट दिसत. आत्ता त्याला वहिनी दिसत होती. जनाबाईच्या हातातला पेला वाकडा झाला होता आणि पाणी लुगड्यावर सांडत होतं, ते तिला कळत नव्हतं. नामाने पाच महिने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. आपल्याला कोण विचारतो, आणि सांगितली तर कोण खरी मानतो, असं त्याला वाटे. पण आता सहदेव तोंड उघडत नव्हता आणि वहिनीला ते उघडता येत नव्हतं.

"मी सांगतो," नामा म्हणाला.

"तू गप बस," नाथा म्हणाला. "तुझ्या तोंडाचा वास इथवर येतो."

"येनारच. मी पितो, दादा. उघड पितो. म्हनून तर सांगतो. या कोळीवाड्यात कोन पितो नि कोन नाय, हे मना नाय कळनार तर काय देवळातल्या भटजीला कळनार? इथं कुनी बूच उघडलं तर मना झोपेतून जाग येते. तुझा पोरगा जर पीत असता, तर एकदा तरी माझ्याबरोबर बसला असता. कितीदा बोलावला त्याला. माझ्या पोरीच्या हळदीत बोललो, एक घोट घे, चुलता हाय मी तुझा. तर बोलला, काका, माझ्या वाटचं पन तूच पी. आता असलं कोन बोलतो? पिनारा मानूस स्वतःच्या वाटचं दुसऱ्याला देतो होय?"

"मग बाटली?" भागीरथी म्हणाली.

"सर्वपित्रीला मी तिवरांत बसलेलो. सकाळची वेळ. भरती लागलेली." नामा थांबला, जनाबाईकडे न बघता पुढे बोलला. "वैनी आली. पान घेऊन आली, चंदूच्या नावाचं. पान ठेवलं. मग पदराखालून बाटली काढली. नि पान्यात गुडघाभर उभी राहून सगळी ओतली. सगळी! पहिल्या धारेची, वासावरून सांगतो. मी तिवरांत बसून रडलो."

"चंदूसाठी?" कांताने विचारलं.

"चंदूसाठी पन."

भागीरथीच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने पदर तोंडाला लावला. पण नाथाने सुई खाली ठेवली होती.

"जने," तो म्हणाला.

जनाबाईने पेला खाली ठेवला.

"पहिल्या वर्षी तुम्ही बोललात, जिने माझा पोर खाल्ला ती माझ्या घरात यायची नाय. बरोबर बोललात. मी नाय आनली. पितरांत त्याचं पान ठेवलं, बोंबील ठेवला, वडे ठेवले. कावळा शिवला नाय. आठवतं ना? दिवस कलला तरी नाय शिवला. शेवटी दर्भाचा कावळा केला भटजीने. दुसऱ्या वर्षी पन तेच. मी आयस हाय त्याची. तो कसा मेला, काय पिऊन मेला, ते मना ठाव हाय. पन त्याच्यात त्याचा जीव अडकलाय नि मी नुसते वडे वाढते..." तिला धाप लागली. "मग तिसऱ्या वर्षी मी यालाच बोलली. कुनाला सांगनार दुसऱ्या? हा नाय बोलत होता. मी पाया पडली याच्या, तवा गेला, नि या वर्षी पन. इकडं कुनी बघू नये म्हनून लांब, विठ्ठलवाडीला गेला."

"मग इतके दिवस का नाय बोललीस?" हे भागीरथीने विचारलं. तिचा सूर आता विहिणीचा राहिला नव्हता.

जनाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग सहदेवकडे. "तुमची भीती होतीच," ती नवऱ्याला म्हणाली. "पन खरं सांगू? मना पन वाटलं. मना वाटलं, मीच त्याच्या हातात दिली, वाटेत त्याने उघडली असेल. शपथ मीच मोडायला लावली नि देवीने त्याला हे पोट दिलं. विचारायची हिंमत नाय झाली. पोराला मी पन..."

"मना म्हाईत होतं गो आये," सहदेव पहिल्यांदाच बोलला. "तू माझ्या तोंडाजवळ येऊन पांघरून घालायचीस, तवाच कळायचं."

रतनने मान वळवली. ती स्वतःही तसंच करत आली होती.

नामाचं बोलणं, बायकोचं बोलणं हे सगळं नाथाच्या कानावरून गेलं होतं, पण त्याला दिसत होता नौपाड्यातला तो दवाखाना. लाकडी बाक, हिरवा पडदा, पडद्याआड खाटेवर पोरगा. डॉक्टरने पोट दाबलं आणि विचारलं, किती वर्षं पितोस? त्या क्षणी नाथाला चिखलातला चंदू दिसला. तो उठला आणि थेट दवाखान्याची पायरी उतरून चालू लागला. घरी येईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. उत्तर त्याने ऐकलंच नव्हतं. उत्तर काय असणार ते आपल्याला माहीत आहे असं धरून तो दीड वर्ष जगला होता. आणि ते खरं असावं, असं त्याला वाटत होतं का? नाही. पण ते खोटं निघालं तर या दीड वर्षाचं काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं. म्हणून ते खरंच असलेलं बरं, असं त्याचं झालं होतं.

त्याने मान वर केली. मुलाकडे पाहिलं.

"नौपाड्याच्या डाक्टरने विचारलं तवा काय बोललास तू?"

सहदेवला क्षणभर समजलं नाही की हे आपल्यालाच विचारलंय. तो कांताकडे बघू लागला.

"तुलाच विचारतो, सहदेव."

"नाय पीत, बोललो. ते बोलले, सगळे असंच बोलतात." तो थोडा थांबला. "मी बोललो, आबांना विचारा. नि पडदा सारून बघितला तर तुम्ही नव्हता."

नाथाने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग तो उठला, सांधलेलं न सांधलेलं जाळं पायाने बाजूला सारलं, आणि मुलाच्या दंडाला धरून त्याला आपल्या जागेवर भिंतीशी बसवलं. पाठीला टेकायला स्वतःची घोंगडी दुमडून ठेवली.

"आता काय करायचं बोलतात?" त्याने कांताला विचारलं.

"ऑपरेशन. छाती उघडून हृदयाच्या आतला थर सोलून काढायचा. एक झडप पण खराब झालीय, ती बदलतील."

"होडी किनाऱ्याला घेऊन तळाची कालवं खरवडतो, तसं?"

"जवळजवळ तसंच."

"नि बरा होतो?"

"पुष्कळ लोक होतात. पोटातलं पाणी जातं, झोपता येतं, चालता येतं. जाळी ओढायचं जड काम नाही करता येणार, पण बाकी माणसासारखा राहील." ती थांबली. हे सांगायचं टाळून चालणार नव्हतं. "आबा, धोका आहे. दहातले दोघे उठत नाहीत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण नाही केलं तर वर्ष, फार तर दीड वर्ष. तेही असंच, भिंतीला टेकून. शुक्रवारचा दिवस देतो म्हणालेत, गुरुवारी भरती व्हायचं. घरच्यांची सही लागेल. आणि रक्त लागेल, पुष्कळ माणसांचं."

"माझं घ्या," नामा म्हणाला.

"काका, तुमचं घेत नाहीत."

"का? शंभर नंबरी हाय!"

"त्याला काडी लावली तर इस्पितळ पेटेल," भागीरथी म्हणाली. मग ती पहिल्यांदा चटईवर बसली, तांब्या उचलून घटाघटा पाणी प्याली आणि मांडीवर हात मारून म्हणाली, "माझे दोन पोरगे येतील. मोहन्याच्या रेयॉन कंपनीत दोघं रात्रपाळीला हायत, धडधाकट. त्यांच्या बरोबरीचे पन आनतील. रक्ताची काळजी नको. मी एकदा बाजारात सांगितलं तर गाळ्यावरच्या बाया रांग लावतील."

"विहीनबाय..." जनाबाई म्हणाली.

"थांबा. माझं अर्धं राहिलं." भागीरथी मुलीकडे वळली. "रतने, तुझ्यासमोर बोलते. हा दारुडा नाय, हे मना आता पटलं. चुकली मी, बाजारात बसून चार जनींना सांगितलं पन, त्यांना जाऊन मीच फिरवून सांगीन. पन दहातले दोघे बोलली ती. तू बावीस वर्षांची हायस. इथं राहिलीस नि त्या दोघांतला हा निघाला, तर लोक बोलतील आयसने जानूनबुजून पोरीला ढकललं. पेटी न्यायची तर आज न्यायची. मी तुला काय बोलनार नाय. तूच बोल."

रतनला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. तिने पेटीकडे पाहिलं. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी ती ठेवलेली दिसत होती, तिच्यावर कुणीतरी औषधाच्या बाटल्या मांडल्या होत्या.

"पेटीवर यांची औषधं हायत," ती म्हणाली. "कुठली कवाची ते मना नीट सांगा कोनी. कांतावन्सं कामावर गेल्यावर कोन देतं?"

"मीच घेतो," सहदेव म्हणाला. "कधी विसरतो."

"मग?" ती आईला म्हणाली, आणि पदर खोचून आत गेली. जनाबाईने डोळे पुसले. भागीरथीने नाक ओढलं आणि नामाला म्हणाली, "बघत काय बसलात, सुपारी असेल तर द्या."

मग सगळे एकदमच बोलू लागले. इस्पितळात कोण राहील, डबा कुठून जाईल, ठाण्याहून जवळ पडतं की नाही, मोहन्याची पोरं आदल्या रात्रीच येऊन इथे झोपतील का. जनाबाई म्हणाली ती एकवीरेला जाऊन येईल. भागीरथी म्हणाली आधी डॉक्टर, मग देवी, देवी कुठे पळून जात नाही. कांता सांगत होती, नामा मध्येच सूचना करत होता, आणि नाथा सगळ्याला मान हलवत होता.

"मना कोनी विचारलं?"

आवाज मोठा नव्हता, म्हणून पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. सहदेवने पुन्हा विचारलं, तेव्हा सगळे त्याच्याकडे वळले. रतन औषधाची बाटली हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही ठरवलं, बरं झालं," तो म्हणाला. बोलताना त्याला मध्येच श्वास घ्यावा लागत होता. "मी पन डाक्टरचं ऐकलंय. कांताने तुम्हाला सगळं नाय सांगितलं."

"सहदेव," कांता म्हणाली.

"सांगू दे. ते हृदय चालू असताना खरवडता येत नाय. ते बंद करतात. एक मशीन लावतात, रक्त त्याच्यातून फिरतं. नि हृदय बंद. दोन तास, तीन तास. मग परत चालू करतात." त्याने छातीवर हात ठेवला. "बहुतेक चालू होतं बोलले."

धक्क्यावर कुणीतरी होडीचं इंजिन सुरू करत होतं. ते दोनदा फुरफुरलं आणि बंद पडलं.

"मी भीत नाय असं नाय," सहदेव म्हणाला. "पोटात सुई घालून पानी काढतात, त्याला नाय भीत. छाती उघडतील, त्याला पन नाय. रात्री बसलेला असतो तवा एकच येतं डोक्यात." त्याने बापाकडे पाहिलं. बापाकडे बघून काही विचारायची त्याची सवय सुटली होती, म्हणून शब्द अडखळत आले. "आबा, ते बंद असेल, तेवढा वेळ मी कुठं असेन?"

नाथा मुलाच्या शेजारी खाली बसला. मांडीला मांडी लागली. ते थंडगार, पातळ झालेले पाय त्याला लुंगीतून जाणवले. तो विचार करत होता. खोटं बोलायचं नव्हतं. समुद्रात, खाडीत माणूस गेला तर कुठे जातो हे चंदूच्या वेळी त्याने पुष्कळ जणांना विचारलं होतं, आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं होतं.

"तू कुठं असशील, ते मना नाय ठाव," तो शेवटी म्हणाला. "मी कुठं असेन ते सांगतो. त्या दाराच्या बाहेर. दार उघडेपर्यंत तिथून हलनार नाय. पानी प्यायला पन नाय."

सहदेवच्या मानेवरची शीर तेवढी उडत राहिली.

"दादा," नामा पायरीवरून हळूच म्हणाला, "गुरुवारी पुनव हाय. शुक्रवारी मोठं उधान. सगळ्या होड्या जातील. वर्षाचा मासा हाय तो."

"जातील तर जाऊ देत."

"तुझी होडी?"

"तू ने. पिऊन नेलीस तर खाडीतून वर येऊ नको."

भागीरथी हसली, मग जनाबाई. नामानेही मान डोलावली. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चंदू गेल्यापासून दादाने त्याच्या हातात होडी दिली नव्हती.

सहदेवने डोकं मागे भिंतीला टेकलं आणि डोळे मिटले. तो झोपला असं सगळ्यांना वाटलं. जनाबाई उठून चुलीकडे जाऊ लागली, कांता विहीणबाईंना गाडीच्या वेळा सांगू लागली. तेवढ्यात डोळे न उघडताच तो म्हणाला,

"कांते, डाक्टरांना फोन करशील तवा बोल, शुक्रवार चालेल."